चार किलोचा लॅपटॉप आणि आपली लाईट

परवा दुकान आवरताना माळ्यावरून माझा पहिला लॅपटॉप खाली काढला. सतरा इंची स्क्रीन, चार किलो वजन, आणि अ‍ॅडॅप्टरची वीट वेगळी. मुलगी म्हणाली, "बाबा, याला लॅपटॉप का म्हणतात? मांडीवर घेतला तर मांडीच जाईल."

खरं आहे तिचं. सात वर्षं वापरला मी तो, पण मांडीवर एकदाही घेतला नाही. कायम टेबलावर, डेस्कटॉपच्या जागी. मग तालुक्याच्या गावातल्या एका डीटीपीवाल्यानं, पतसंस्थेचं कर्ज काढून, एवढं जड आणि तापणारं धूड घेतलंच कशाला?

याचं उत्तर द्यायचं तर लॅपटॉपचा थोडा इतिहास सांगावा लागतो आणि आपल्या महाराष्ट्रातल्या विजेचाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न १ नावाचा कॉम्प्युटर बाजारात आला. उचलून नेता येईल असा, लोकांना खरंच विकत घेता येईल असा तो पहिला गाजलेला कॉम्प्युटर. वजन सुमारे ११ किलो, किंमत १,७९५ डॉलर, आणि स्क्रीन फक्त पाच इंचांची. झाकण लावलं की शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा. तो काढणारा अ‍ॅडम ऑस्बोर्न हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे भक्त. अ‍ॅडमचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं, आणि २००३ साली तो वारला तोही तमिळनाडूतच, कोडाईकनालला. मधल्या काळात अमेरिकेत कंपनी काढली, ती झपाट्यानं वाढली आणि १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

या कॉम्प्युटरची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच्या आत बॅटरी नव्हती. म्हणजे ११ किलोची पेटी उचलायची, दुसऱ्या ठिकाणी न्यायची आणि तिथल्या सॉकेटमध्ये पिन खुपसायची. १९८३ मध्ये विक्रीला आलेला कॉम्पॅक पोर्टेबल याहूनही जड, साडेबारा किलोच्या आसपास. त्यातही बॅटरी नव्हती. तरी पहिल्याच वर्षी असे ५३ हजार कॉम्प्युटर खपले, कारण आयबीएमच्या पीसीवर चालणारी सॉफ्टवेअरं त्यावर चालायची. १९८५ मध्ये तोशिबाचा टी ११०० आला, चार किलोचा आणि बॅटरीवर चालणारा. पण पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं टी ३१०० काढला, त्याच्यात हार्ड डिस्क आणि नारिंगी अक्षरांची प्लाझ्मा स्क्रीन होती. ताकद डेस्कटॉपची, आणि त्यासाठी बॅटरी पुन्हा काढून टाकलेली!

यातून कंपन्यांचा हिशेब कळतो. ताकद हवी असेल तर वजन घ्या, बॅटरी विसरा. तुम्ही ऑफिसातून घरी जाणार, दोन्हीकडे सॉकेट आहे, सॉकेटमध्ये वीज आहे. मधल्या रस्त्यात कशाला हवी बॅटरी? हा हिशेब करणाऱ्यांच्या देशात सॉकेट असणं आणि वीज असणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

आता आमच्याकडे या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. परळीचं औष्णिक केंद्र आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. लहानपणी आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो, लाईट आमच्याकडेच तयार होते. २००१ च्या मे महिन्यात तिकडे कोकणात दाभोळच्या प्रकल्पाची वीज घेणं बंद झालं. मागणी वाढत होती, नवी केंद्रं त्या वेगानं उभी राहत नव्हती. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि नेमक्या त्याच काळात राज्याची तूट हजारो मेगावॅटवर गेली. 'भारनियमन' हा सरकारी शब्द घरातल्या आजीलाही पाठ झाला. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. मुंबई यातून वगळलेली होती. पुण्यात २००६ मध्ये कारखान्यांचे जनरेटर वापरून, थोडे जास्त पैसे मोजून भारनियमन टाळायचा प्रयोग झाला. आमच्यासारख्यांसाठी नियम वेगळा होता. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्या फीडरला अंधार जास्त. तुम्ही स्वतः बिल वेळेवर भरता का, हा प्रश्नच नव्हता. फीडर कोणता, एवढंच.

परळीच्या दिव्याखालचा हा अंधार मी दुकानात बसून पाहिलाय.

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, ग्रामपंचायतीचे छापील फॉर्म, आणि गावातल्या एका साप्ताहिकाची पानं. साप्ताहिकाची पानं गुरुवारी रात्री लावायची, सीडीवर टाकायची आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं लातूरच्या प्रेसला पाठवायची. एसटी चुकली की अंक चुकला.

तेव्हा दुकानात डेस्कटॉप होता. डबड्यासारखा मोठा मॉनिटर, खाली सीपीयू आणि शेजारी यूपीएस. लाईट गेली की यूपीएस कुई-कुई करायला लागायचा, आणि संपादककाका खुर्चीतून उठून उभे राहायचे. मी कंट्रोल एस दाबेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला. आठ-दहा मिनिटांत खेळ खलास. एका गुरुवारी अग्रलेखाचं पान असंच गेलं. काका काही बोलले नाहीत. कंदील लावला, आणि मला सगळं पुन्हा तोंडी सांगायला बसले. मी वहीत लिहून घेतलं, पहाटे लाईट आल्यावर टाईप केलं. एसटी गेली होती. शेवटी त्यांचा मुलगा मोटारसायकलवर सीडी घेऊन लातूरला गेला.

लोक विचारतात, मग इन्व्हर्टर का नाही घेतला? अहो, घेतला होता. पण इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला दहा-बारा तास सलग लाईट लागते. लाईटच तुकड्यातुकड्यानं येत असेल, तर अर्ध्या चार्जवर बॅटरी रोज उपाशी राहते आणि दीड-दोन वर्षांत मरते. रॉकेलवरचा जनरेटर शेजारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे होता. आवाज असा की फोनवर बोलता येत नव्हतं, आणि रॉकेल कुठून यायचं ते विचारू नका.

२००७ मध्ये पुण्याहून एका मित्राचा फोन आला. त्याच्या ओळखीत एक जण तीन वर्षं वापरलेला मोठा लॅपटॉप काढत होता. म्हणाला, "जड आहे, लवकर तापतो, बॅटरी तासभरही टिकत नाही, म्हणून स्वस्तात देतोय." मी फक्त दोनच प्रश्न विचारले. बॅटरी निदान पाऊण तास चालते का? आणि मागे जुन्या प्रिंटरचं लांबट पोर्ट आहे का?

दुसरा प्रश्न आजच्या पोरांना कळणार नाही. तेव्हा आपली मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं डाँगलवर चालायची. बोटभर लांबीचं ते कुलूप प्रिंटरच्या पोर्टला लावलं तरच मराठी अक्षर उमटायचं. बारीक, देखण्या लॅपटॉपमधून हे पोर्ट गायब व्हायला लागलं होतं. डेस्कटॉपच्या बदली म्हणून काढलेल्या या थोराड लॅपटॉपमध्ये जागाच जागा, त्यामुळे तिथं ते टिकून होतं. मराठी टाईप करायची म्हणूनही मला जड लॅपटॉप घ्यावा लागला, असं म्हटलं तरी चालेल.

आता थोडं गणित. माझ्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी. गुणाकार केला की ८४ वॅट-तास. लॅपटॉपची बॅटरी नवी असताना ९५ वॅट-तासांच्या आसपास. म्हणजे साठा जवळपास सारखाच. पण डेस्कटॉप आणि तो जुना मॉनिटर मिळून दोनशे वॅटच्या घरात ओढायचे, आणि एवढी ओढ लागली की छोटी शिशाची बॅटरी कागदावरच्या आकड्याइतकी वीज देतच नाही. लॅपटॉप तेच काम त्याच्या निम्म्याहून कमी विजेवर करायचा. म्हणून तिथं दहा मिनिटं आणि इथं पाऊण तास. पुण्याच्या माणसाला जी बॅटरी टाकाऊ वाटत होती, ती माझ्यासाठी पाचपट लाईट होती.

तापायचा मात्र भयंकर. त्याचं कारण त्याच्या पोटात होतं. २००३-०४ च्या सुमारास काही कंपन्यांनी चक्क डेस्कटॉपचा पेंटियम ४ लॅपटॉपमध्ये बसवला. खास लॅपटॉपसाठी काढलेला पेंटियम एम पंचवीस वॅटच्या आसपास उष्णता टाकायचा, हा ऐंशीच्या वर. ती बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, पत्र्यांची जाळी आणि दोन-दोन पंखे. चार किलोतलं बरंचसं वजन या तांब्यापंख्यांचंच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून मी तो उचलून धरायचो, आणि दर दोन महिन्यांनी उघडून ब्रशनं धूळ काढायचो. उघडता यायचा, हे महत्त्वाचं. साधे स्क्रू होते.

आता तुम्ही म्हणाल, लाईट चार-सहा तास नाही, मग पाऊण तासानं काय होणार? बरोबर आहे. तर ऐका.

आमच्या गावात दोन फीडर. आमच्या बाजूची लाईट जायची तेव्हा बसस्टँडकडच्या बाजूला असायची. वेळापत्रक पेपरात छापून यायचं, ते मी भिंतीला चिकटवलं होतं. आमची लाईट गेली की पाऊण तासात हातातलं पान उरकायचं, लॅपटॉप बंद करायचा, टॉवेलात गुंडाळायचा, स्कूटरच्या पायाशी ठेवायचा आणि मेहुण्याच्या घरी जायचं. डाँगल शर्टाच्या खिशात. मेहुण्याच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत एक सॉकेट माझं ठरलेलं होतं. वहिनी म्हणायच्या, "आले बघा भावजी, लाईटच्या मागं-मागं."

बऱ्याच वर्षांनी ऑस्बोर्नची गोष्ट वाचली तेव्हा मला हसू आलं. अमेरिकेतला माणूस १९८१ मध्ये एका सॉकेटपासून दुसऱ्या सॉकेटपर्यंत पेटी वाहत होता. मी २००७ मध्ये एका फीडरवरून दुसऱ्या फीडरवर तीच हमाली करत होतो. फरक इतकाच की त्याला दोन्हीकडे लाईट होती.

२००८ मध्ये जगात पहिल्यांदा एका तिमाहीत डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त निघाले. तज्ज्ञांनी कारणं दिली : किमती उतरल्या, वाय-फाय आलं, लोकांना फिरता-फिरता काम करायचंय. सगळी खरीच असतील. आमच्या तालुक्यात मात्र ज्यांनी तेव्हा लॅपटॉप घेतले, डीटीपीवाले, टॅक्सचं काम करणारे, झेरॉक्सवाले, त्यातला एकही फिरता-फिरता काम करणारा नव्हता. सगळे एका जागी बसणारे. त्यांनी लॅपटॉप घेतला तो आत बॅटरी आहे म्हणून. याची नोंद कुठल्या बाजारपेठेच्या अहवालात झाली असेल असं वाटत नाही, म्हणून इथं करून ठेवतोय.

२०१३ चा दुष्काळ आठवतो? पाणी नाही म्हणून परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी माझा पहिला लॅपटॉप थकला आणि मी दुसरा घेतला. तोही सेकंडहँड, तोही सतरा इंची, साडेतीन किलो. इंजिनिअर लोकांसाठी काढलेला, चांगला दणकट. दुकानाचं रूपही बदललं होतं. लग्नपत्रिका कमी झाल्या, ऑनलाइन फॉर्म वाढले. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, सगळं ऑनलाइन.

२०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले, ते तुम्हाला आठवत असेल. गावोगावच्या केंद्रांवर रांगा होत्या. माझ्याकडेही. सप्टेंबरची एक रात्र, मुदत संपायला थोडे दिवस, आणि पाऊस. साडेनऊला लाईट गेली. आत पाच-सहा माणसं बसलेली. लॅपटॉपची बॅटरी तोवर जुनी झालेली, अर्धा तास मिळेल असा अंदाज. स्क्रीन मंद केली आणि लागलो कामाला. अंगठा लावायचं छोटं मशीन त्याच्याच विजेवर, इंटरनेटचा डाँगलही त्याच्याच विजेवर. तीन अर्ज गेले. चौथ्याला स्क्रीन काळी झाली.

चौथे म्हणजे आठ किलोमीटरवरच्या वाडीतले एक मामा-मामी. सकाळपासून आलेले. मी म्हटलं, "मामा, उद्या या, मी पहिला नंबर तुमचा लावतो." मामा म्हणाले, "कशाला जावं? हितंच पडतो." दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकून दोघं झोपले. पहाटे पाचला लाईट आली, त्यांनीच शटर वाजवून मला उठवलं. म्हणाले, "आम्हाला सवय हाय. मोटारीला रातचीच लाईट असती. तुझी पेटी बी आमच्या मोटारीवानीच, लाईट येईल तवा जागं राहायचं."

अर्ज गेला. पुढे मुदतही वाढली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

विचार करा, त्या रात्री सरकारची एक एवढी मोठी योजना आणि त्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या मधे काय होतं? माझ्या पैशानं घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपची मरायला टेकलेली बॅटरी. सेवा ऑनलाइन झाली, पण बॅटरी ज्याची त्यानं आणायची! ग्रामपंचायतीतला ऑपरेटर असो, केंद्रचालक असो, की ज्यांच्या संघटनेला लॅपटॉप-प्रिंटरची मागणी आंदोलनात मांडावी लागली ते तलाठी असोत, कागदी काम स्क्रीनवर आणताना लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कागदाला बॅटरी लागत नव्हती, कंदिलातही अर्ज भरता येत होता. हा खर्च नव्यानं निर्माण झाला आणि गुपचूप खालच्या माणसाच्या गळ्यात पडला.

न्यायानं बोलायचं तर परिस्थिती सुधारली आहे. बारा तासांचं भारनियमन आता नाही. शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून सौर वाहिन्यांचं कामही सुरू आहे. पण वादळ, जळालेला ट्रान्सफॉर्मर, तुटलेली तार, हे पावसाळ्यात आजही असतंच, आणि दुरुस्तीला आजही रात्र लागते.

आणि यंत्रांचं काय? माझ्या दुसऱ्या लॅपटॉपची बॅटरी मी तीनदा बदलली. खालची खटकी सरकवली की ती हातात येते. रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. तो आजही टेबलावर आहे, ही पोस्ट त्याच्यावरच टाईप करतोय. मागच्या वर्षी मुलीला कॉलेजसाठी नवा घेतला. सव्वा किलो, पिसासारखा. दुरुस्तीवाल्या मित्राला दाखवला तर म्हणाला, "रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे, वाढवता येणार नाही. बॅटरी आत आहे, सगळं पोट उघडावं लागेल. जोवर चालतोय तोवर चालव." वजन गेलं, त्याबरोबर दुरुस्तीही गेली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंधाचा आदेश काढला, दोन दिवसांत तो पुढे ढकलला, आणि मग नोव्हेंबरपासून परवानगीची ऑनलाइन पद्धत आणली. तेव्हा सगळी चर्चा लॅपटॉप कुठं बनतो यावर झाली. तो उघडता येतो का, याच्यावर अवाक्षर नाही. त्याच्या आदल्या वर्षी दुरुस्तीच्या हक्कावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समिती नेमली होती. पण आमच्या बाजारपेठेत त्याचा परिणाम मला तरी अजून दिसलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन ओळीत. सरकारी सेवेचं केंद्र जिथं असेल, तिथं निदान चार तास पुरेल इतकी बॅटरी किंवा सोलर सरकारी खर्चानं बसवा. आणि सरकारी पैशानं जो लॅपटॉप घ्याल, त्याची बॅटरी गावातल्या दुरुस्तीवाल्याला बदलता आली पाहिजे, ही अट टेंडरमध्ये घाला. वजन अर्धा किलो जास्त असलं तरी चालेल. आम्ही चार किलो वाहिलंय.

माळ्यावरचा तो जुना मी भंगारात देणार होतो. मुलीनं चार्जर लावून बघितला. पंखे घरघरले, स्क्रीन उजळली, आणि डेस्कटॉपवर एक फोल्डर दिसलं : 'गुरुवार'. आत साप्ताहिकाची पानं. संपादककाका आता नाहीत, अंकही बंद पडला. पानं मात्र जशीच्या तशी आहेत.

ती पेनड्राईव्हवर काढेपर्यंत लाईट गेली नाही, एवढं नशीब. कारण त्याच्या बॅटरीत आता काही उरलेलं नाही.